ग्रामीण आरोग्यसेवेतील नेतृत्व आणि धोरणाचे अग्रक्रम : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ग्रामीण आरोग्यसेवेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्याचा मोठा भाग व्यक्तिकेंद्रित आहे. आडगावी जाऊन राहिलेला डॉक्टर, त्याला साथ देणारी पत्नी, आरंभीचा गावाचा अविश्वास, साधनांची वानवा, एखादा हाताबाहेर गेलेला रुग्ण वाचणे, त्यानंतर हळूहळू मिळणारी मान्यता आणि अखेरीस पुरस्कार, असा या लेखनाचा एक घाट ठरून गेला आहे. दिवाळी अंकांतील मुलाखती, गौरवग्रंथ, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि महाविद्यालयांतील व्याख्यानमाला यांतून हा घाट इतका परिचित झाला आहे की, ‘ग्रामीण आरोग्य आणि नेतृत्व’ असे शब्द उच्चारताच आपल्यासमोर एखाद्या धोरणाऐवजी एखादा चेहरा उभा राहतो. जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे, गडचिरोलीचे डॉ. अभय व डॉ. राणी बंग, मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ही नावे या परंपरेत सन्मानाने घेतली जातात आणि ती घेतली जावीत यात दुमत नाही.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप या व्यक्तींच्या कार्यावर नाही. त्या कार्याच्या आपण केलेल्या वाचनावर आहे. या वाचनात डॉक्टरांचा त्याग केंद्रस्थानी येतो आणि त्यांनी काय शोधले, ते कोणाच्या हाती सोपवले, शासनाने त्यातले काय उचलले व काय सोडले, हे प्रश्न कडेला पडतात. परिणामी नेतृत्वाची चर्चा आणि धोरणाची चर्चा या दोन वेगळ्या वाटांनी चालतात. एक सभागृहात होते, दुसरी अंदाजपत्रकात. या दोन चर्चा एकत्र आणून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील दिवेआगर हे गाव संदर्भबिंदू म्हणून घेतले असून, याच जिल्ह्यात घडलेले महाड व मांडवा येथील दोन प्रयत्न आणि तुलनेसाठी गडचिरोलीचा प्रयोग विचारात घेतला आहे.

दिवेआगर : संदर्भबिंदू

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या ताम्रपटामुळे मराठी भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये एका वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडल्यानंतर ते भाविकांना आणि पर्यटकांनाही परिचित झाले. नारळी-पोफळीच्या वाड्या, लांबलचक पुळण आणि पाठीमागे जांभ्या दगडाचे डोंगर अशी त्याची रचना आहे. सुटीच्या दिवसांत गावातील माणसांची संख्या एकाएकी वाढते. जनगणनेच्या लोकसंख्येवर आरोग्यकेंद्रांचे निकष ठरवणाऱ्या व्यवस्थेला ही वाढ दिसत नाही.

आरोग्यसेवेच्या दृष्टीने पाहिले तर गावाला जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र बोर्लीपंचतन येथे आहे. त्यावरील टप्पा श्रीवर्धनच्या उपजिल्हा रुग्णालयाचा आणि त्याही वर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचा आहे. नकाशावर अलिबाग याच किनाऱ्यावर उत्तरेला दिसते. परंतु मध्ये राजपुरीची खाडी आहे. जंगलजेटीची वेळ साधली नाही तर म्हसळ्यावरून मोठा वळसा घ्यावा लागतो. किनाऱ्यावरचा माणूस अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. तो खाडी, घाट आणि गाडी मिळण्याची वेळ यांनी मोजतो.

या साखळीचे प्रशासन एकाच हाती नाही, ही बाबही येथे लक्षात घेतली पाहिजे. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे राहिली. रुग्ण बोर्लीहून श्रीवर्धनला जातो तेव्हा तो एका अर्थाने एका सत्तेच्या हद्दीतून दुसऱ्या सत्तेच्या हद्दीत जातो.

या भागाला राजकीय नेतृत्व लाभले नाही असे म्हणता येणार नाही. शेजारच्या म्हसळा तालुक्यातील आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले यांनी विधानसभेत श्रीवर्धनचे प्रतिनिधित्व केले. ते १९८० ते १९८२ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीतच १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नामकरण रायगड असे झाले. पुढे १९९५-९६ मध्ये ते केंद्रात आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रीही होते. एवढ्या उंचीचे नेतृत्व लाभलेल्या भागातील गावकऱ्यालाही उपचारासाठी खाडी आणि घाट मोजावे लागत असतील, तर ‘नेतृत्वाचा अभाव’ हे आपल्या भाषणांतील आवडते निदान अपुरे आहे असे मानावे लागते. नेतृत्व असते, ते कोणत्या पायरीपर्यंत झिरपते, हा खरा प्रश्न आहे.

महाड : पदाला साजेसे ज्ञान

मराठी वाचकाला विंचू ठाऊक असतो तो बहुधा संत एकनाथांच्या भारुडातून. कोकणातील माणसाला मात्र लाल विंचवाचा दंश हे रूपक नव्हते. लाकडाच्या मोळीतून, गवताच्या भाऱ्यातून, जांभ्याच्या फटीतून निघणाऱ्या या विंचवाने तरुण, सशक्त माणसे आणि लहान मुले दगावत. विंचू ‘उतरवणारे’ गावोगाव होते. दवाखान्यातही वेदनाशामक औषधापलीकडे निश्चित उपचार नव्हता.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि त्यानंतर फुप्फुसांत पाणी भरून येणारा मृत्यू हा क्रम त्यांनी टिपला. दंशाच्या धोक्याची पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते, हे ध्यानात आल्यावर उपचाराची दिशा स्पष्ट झाली. रक्तवाहिन्या सैल करणारे सोडिअम नायट्रोप्रुसाइड उपयोगी पडत होते. परंतु ते शिरेतून, सतत रक्तदाब पाहत द्यावे लागते. प्राथमिक केंद्रात ते अवघड होते. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरील औषध गोळीच्या रूपात मिळत होते आणि तेच काम करत होते. १९८६ मध्ये बावस्कर दांपत्याने या उपचाराचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्येच मांडले. तीव्र विषबाधा झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी ३० टक्क्यांच्या घरात होते. या उपचाराने ते अगदी थोड्या टक्क्यांवर आले. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या महाडच्या चाचणीत ७० रुग्णांचा अभ्यास होता. प्रतिविष व प्राझोसिन असे दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

‘बॅरिस्टरचं कार्टं’ या त्यांच्या आत्मकथनाचा परिचय करून देताना आपण बालपणीच्या दारिद्र्यावर आणि जिद्दीवर थांबतो. ते स्वाभाविक आहे. परंतु नेतृत्वाच्या अभ्यासकाने थांबावे अशी जागा वेगळी आहे. बावस्करांचे श्रेष्ठत्व औषध शोधण्याइतकेच औषध निवडण्यातही आहे. जे औषध बिरवाडीच्या केंद्रात एकटा वैद्यकीय अधिकारी देऊ शकेल, ज्याला यंत्र लागणार नाही, वीज गेली तरी जे अडणार नाही आणि जे स्वस्त असेल, त्याकडे ते वळले. म्हणजे त्यांनी ज्ञान अशा रूपात आणले की ते स्वतःच्या पश्चातही त्या पदावरच्या कोणालाही वापरता यावे. यास प्रस्तुत लेखात ‘पदाला साजेसे ज्ञान’ असे म्हटले आहे.

तथापि येथेच एक मर्यादाही दिसते. हे ज्ञान जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात गेले, पण त्याचे केंद्र महाडमधील एका डॉक्टरच्या नावाशी बांधलेले राहिले. पुढील संशोधनही डॉ. बावस्करांनी मुख्यतः शासकीय सेवेबाहेर, महाड येथील स्वतःच्या रुग्णालयातून केले. ज्या प्राथमिक केंद्राच्या पदावर हा शोध सुरू झाला, त्या पदाला संशोधनाचा अवकाश, वेळ वा प्रतिष्ठा देण्याची तरतूद त्यामुळे निर्माण झाली नाही. शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदी ठेवाव्यात त्या लसीकरणाच्या, कुटुंबनियोजनाच्या आणि वरून मागितलेल्या तक्त्यांच्या. आपल्या भागातील मृत्यूंच्या कारणांवर विचार करणे हे त्याचे काम मानले गेले नाही. बिरवाडीत जे घडले ते व्यवस्थेमुळे घडले नाही, व्यवस्थेत एक फट होती म्हणून घडले.

मांडवा : सत्तेचा प्रश्न

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अलिबाग तालुक्यातील मांडव्याच्या परिसरात, १९७० च्या दशकात एक वेगळा प्रयोग झाला. डॉ. नोशीर अँटिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील ख्यातनाम प्लॅस्टिक सर्जन. कुष्ठरुग्णांच्या विकृत झालेल्या हातांवरील शस्त्रक्रियांसाठी त्यांचे नाव होते. अत्यंत विशेषीकृत शाखेतील या शल्यविशारदाने १९७५ मध्ये ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था उभारली. मांडवा परिसरातील सुमारे ३० गावे आणि ३० हजार लोकसंख्या यांसाठी त्यांनी गावातल्याच, अल्पशिक्षित स्त्रियांना अर्धवेळ आरोग्यसेविका म्हणून तयार केले. क्षय, कुष्ठ, बालकांचे आजार, गरोदर स्त्रियांची काळजी ही कामे या स्त्रिया करू शकतात, हे या प्रयोगाने दाखवले.

येथे वैद्यकीय यश हा वादाचा विषय नव्हता. प्रयोग अडखळला तो अन्यत्र. गावातील गरीब बाई औषध देऊ लागली, कोणाला कोठे पाठवावे हे सांगू लागली आणि केंद्रातील कर्मचारी आले की नाहीत हे विचारू लागली, की गावातील प्रतिष्ठेची उतरंड हलते. स्थानिक सत्ताकेंद्रांशी झालेल्या संघर्षात मांडव्याचे काम थांबले. अँटिया यांनी १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून मांडव्याच्या प्रयोगाचा लेखाजोखा मांडला. संस्थेने पुढे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे खोऱ्यात काम केले. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ मध्ये ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर जो पर्यायी आराखडा मांडला, त्या गटात अँटिया होते. आरोग्यसेवा लोकांच्या हाती, पंचायतीच्या पातळीवर असावी हा त्या आराखड्याचा गाभा आहे.

महाड आणि मांडवा यांची तुलना उद्बोधक ठरते. महाडच्या गोळीने कोणाच्याही सत्तेला धक्का लागत नव्हता. ती डॉक्टरच्याच हातात राहत होती. म्हणून तिला विरोध झाला तो शास्त्रीय पातळीवर, आणि तो पुराव्याने मिटला. मांडव्यात औषध नवे नव्हते. ते देणारा हात नवा होता. म्हणून तेथील विरोध पुराव्याने मिटणारा नव्हता. ग्रामीण आरोग्याच्या प्रश्नात ‘काय द्यावे’ याचे उत्तर विज्ञान देते. ‘कोणी द्यावे’ याचे उत्तर राजकारण देते. गौरवपर लेखनात पहिल्याची कथा होते, दुसऱ्याची होत नाही. मांडव्याचे नाव मराठी वाचकाच्या स्मरणात महाडइतके नाही, यामागे हेही एक कारण संभवते. जो प्रयोग मध्येच थांबला त्याच्या कथेला गौरवाचा शेवट लाभत नाही.

गडचिरोली : अर्धे हस्तांतर

तिसरे उदाहरण शासनाने प्रत्यक्ष स्वीकारलेल्या प्रयोगाचे आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, श्वास कोंडलेले बाळ ओळखणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये केंद्र शासनाने घरोघरी नवजात बालसेवा हा कार्यक्रम देशभर ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत लागू केला.

हे मोठेच यश होय. परंतु स्वीकारताना काय गाळले गेले तेही पाहिले पाहिजे. आशांकडे आल्या त्या प्रामुख्याने गृहभेटी आणि त्यांचे तक्ते. इंजेक्शनचा उपचार हा त्यांच्या सर्वसाधारण कामाचा भाग झाला नाही. भेटींची पूर्ण मालिका केल्यावर २५० रुपये मोबदला ठरला. मूळ प्रयोगात गावातील स्त्रीच्या हाती ज्ञान, कृती आणि निर्णय असे तिन्ही होते. राष्ट्रीय कार्यक्रमात तिच्याकडे भेट आली, निर्णय बराचसा वर राहिला.

आशा ही राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाची निर्मिती आहे. हे अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेली सामुदायिक आरोग्यसेवक योजना कालांतराने क्षीण होत गेली होती. त्या अनुभवातून नवी योजना स्त्रीकडे वळली हे योग्यच झाले. मात्र तिला दिलेले नाव ‘स्वयंसेविका’ असे राहिले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ हा पुरस्कार दिला. जगाने जिला आरोग्यक्षेत्रातील नेता म्हटले, ती आपल्या शासनाच्या दप्तरी कर्मचारीदेखील नव्हती. त्यानंतर अवघ्या दीड वर्षात, ऑक्टोबर २०२३ पासून, महाराष्ट्रातील आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या. मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांनी ठाण मांडले आणि मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. पुरस्कार आणि संप ही एकाच नेतृत्वाची दोन रूपे आहेत. पहिल्याचे आपण अभिनंदन केले, दुसऱ्याकडे कामगारांचा प्रश्न म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरे रूप धोरणाच्या अभ्यासासाठी अधिक महत्त्वाचे आहे. कारण पदाला अधिकार आणि वेतन असावे ही मागणी त्यातून त्या पदावरील व्यक्तींनी स्वतः केली.

धोरणाचे अग्रक्रम

आता धोरणाकडे वळता येईल. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली तेव्हा प्रतिबंध आणि उपचार ही दोन्ही कामे गावाजवळ व्हावीत असा आग्रह होता. आजचे निकष सपाट भागात ३० हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असे आहेत. लोकसंख्येचा हा हिशेब खाडी मोजत नाही.

अग्रक्रम ओळखण्याची एक सोपी रीत आहे : कोणती योजना कोणत्या जिल्ह्यात प्रथम आली ते पाहावे. ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे होते, रायगड नव्हता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. २०१७ मध्ये हीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सुरुवातीस कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे असलेले तिचे संरक्षण नंतर पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आले. एकाच जिल्ह्याच्या बाबतीत प्रश्न विचारण्याची योजना पहिल्या यादीत नव्हती आणि विम्याची योजना होती. यामागे कोणाचा हेतू होता असे सुचवायचे नाही. जिल्हे निवडण्याची कारणे वेगवेगळी असतात. परंतु परिणाम नोंदण्यासारखा आहे. नागरिक प्रथम लाभार्थी झाला. देखरेख करणारा म्हणून त्याची पाळी नंतर आली.

विमा योजनांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार यांसाठी जमीन विकणारी कुटुंबे आपण पाहत आलो आहोत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांच्या खिशातून झाला. परंतु विम्याचा लाभ सुरू होतो तो अंगीकृत रुग्णालयाच्या दारात. दिवेआगरच्या वाडीत पोफळीच्या झावळ्या उचलताना फुरसे चावले, किंवा जांभ्याच्या गडग्यातून विंचू निघाला, तर त्या माणसाचे भवितव्य त्या दारापर्यंत पोचण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. जानेवारी २०१४ पासून राज्यात ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेल्या १०८ सेवेने हे अंतर कमी केले आहे. तरीही रुग्णवाहिका हे मुख्यतः पोचवण्याचे साधन आहे. प्राझोसिनचा धडा असा की, उपचार पोचण्याआधी सुरू व्हावा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा हा मुद्दा अधिक स्पष्ट झाला. श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. विजेचे खांब कोसळले, रस्ते झाडांनी अडले, वीज आणि मोबाइल सेवा दीर्घकाळ खंडित झाली. करोनाची साथ होतीच. दूरध्वनी बंद असताना १०८ हा केवळ आकडा उरतो. अशा दिवशी गावात जे औषध आहे तेच औषध, आणि गावात जी व्यक्ती आहे तीच आरोग्यव्यवस्था. वादळ अपवाद असेल. पण किनारपट्टीच्या आरोग्यसेवेची आखणी अपवादाच्या दिवसावरून करणेच शहाणपणाचे ठरेल.

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने शासकीय आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. निधी वाढावा ही मागणी रास्तच आहे. परंतु निधी वाढला म्हणजे तो शेवटच्या पदापर्यंत जाईल असे गृहीत धरता येत नाही. इमारत, कार्ड, यंत्र आणि नामफलक यांचे उद्घाटन करता येते. उपकेंद्रात सर्पदंशावरील प्रतिविष आहे, ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती रात्री गावात आहे, आणि तिने दिलेल्या उपचाराची जबाबदारी वरिष्ठ स्वीकारतात, या तीन गोष्टींचे उद्घाटन करता येत नाही. धोरणाचे अग्रक्रम बहुधा येथेच वाकतात. २०१८ पासून उपकेंद्रांत आलेले समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आणि मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेला सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा ही योग्य दिशेची पावले आहेत. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे या आराखड्याचे उद्दिष्ट आहे. ती पावले बोर्लीपंचतनच्या पुढे वाडीपर्यंत येतात काय, यावर त्यांचे मूल्य ठरेल.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, असामान्य व्यक्ती नसत्या तर हे ज्ञान निर्माणच झाले नसते. मग व्यक्तिगौरवावर टीका का? याचे उत्तर असे की, व्यक्तीचे महत्त्व येथे नाकारलेलेच नाही. बिरवाडीत दुसरा कोणी अधिकारी असता तर त्या नोंदी कदाचित झाल्या नसत्या. परंतु समाज म्हणून आपण असामान्य व्यक्तीची वाट पाहत राहणे हे धोरण होऊ शकत नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एकेक बावस्कर मिळणार नाही. प्रत्येक केंद्राला प्राझोसिनची गोळी आणि ती केव्हा द्यावी हे जाणणारा अधिकारी मात्र मिळू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अल्पप्रशिक्षित व्यक्तीच्या हाती उपचार देणे म्हणजे गरिबांना दुय्यम सेवा देणे होय, शहरातील माणूस हे स्वीकारील काय, असे विचारले जाते. हा युक्तिवाद वरकरणी समतेचा वाटतो. प्रत्यक्षात ज्या ठिकाणी पर्याय ‘डॉक्टर की आशा’ असा नसून ‘आशा की कोणीच नाही’ असा असतो, तेथे तो युक्तिवाद कोणीच नाही या पर्यायाच्या बाजूने काम करतो. शिवाय गडचिरोलीच्या आकड्यांनी हे दाखवले आहे की, मर्यादित कामाचे काटेकोर प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि वर पाठवण्याची खात्रीची सोय असेल तर ही सेवा दुय्यम ठरत नाही. या तीन अटी गाळून केवळ स्वस्त मनुष्यबळ म्हणून तिचा वापर केला, तर आक्षेपकांचे म्हणणे खरे ठरेल. आशांच्या संपाने नेमका हाच इशारा दिला.

निष्कर्ष

महाड, मांडवा आणि गडचिरोली या तीन उदाहरणांवरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ग्रामीण आरोग्यसेवेतील नेतृत्वाची कसोटी त्या व्यक्तीच्या त्यागाच्या प्रमाणात नसून, ती व्यक्ती तेथून गेल्यावर सर्वांत खालच्या पदाकडे काय उरते यात आहे.

२. जे ज्ञान कोणाच्याही सत्तेला धक्का न लावता वापरता येते ते लवकर स्वीकारले जाते. ज्या ज्ञानाबरोबर अधिकारही सोपवावा लागतो ते थोपवले जाते, किंवा त्यातला अधिकार गाळून स्वीकारले जाते.

३. रायगडच्या संदर्भात विमासंरक्षण आधी आणि लोकांची देखरेख नंतर असा क्रम लागला. पहिल्या तासातील उपचार हा या दोहोंच्या मध्ये निसटलेला विषय आहे.

४. जिल्हा परिषद आणि राज्य शासन यांच्यात विभागलेल्या साखळीत रुग्णाच्या संपूर्ण प्रवासाची जबाबदारी एका पदावर निश्चित करणे ही खर्चापेक्षा इच्छाशक्तीची बाब आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी संबंध केवळ वाचकाचा नाही. व्याख्यानमालेसाठी वक्ते आपण निवडतो, क्रमिक पुस्तकांतील पाठ आपण शिकवतो, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे किनाऱ्यावरच्या गावांत आपण नेतो. त्या शिबिरांतून रक्तदाब तपासणीचे आणि स्वच्छतेचे कार्यक्रम होतात, ते व्हावेत. त्याबरोबरच विद्यार्थ्यांनी एका गावात एवढेच विचारून यावे : येथे रात्री दोन वाजता साप चावला तर पहिले औषध कोण देते, कोठे देते, आणि ते देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला आहे? मिळणारी उत्तरे तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि पंचायत समितीकडे लेखी पाठवावीत. एका तालुक्यातील दहा गावांची अशी उत्तरे एकत्र आली, तर नेतृत्वाविषयीचे आपले पुढील व्याख्यान कोणाला द्यायला सांगावे, याचाही कदाचित वेगळा निर्णय घेता येईल. त्या व्यासपीठावर एखादी आशा कार्यकर्ती बसलेली असेल, आणि सत्कार झाल्यावर तिला बोलण्यासाठी पुरेसा वेळ दिलेला असेल.